कठड्यावरची तिसरी जागा

खळ शिजवायची ती मंद आचेवर. मैदा आधी थंड पाण्यात कालवून त्याच्या गाठी मोडायच्या, मग उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचा, चिमूटभर तुरटी टाकायची आणि हात थांबवायचा नाही. हात थांबला की खळ बुडाला लागते, आणि करपलेल्या खळीचा कागद दोन दिवसांत भिंत सोडतो. वेल्कोला हे कुणी शिकवलं नव्हतं. मिरच्या डबाबंद करायचा कारखाना बुडाला त्या साली त्याच्या हाताला काम उरलं नाही, आणि फुटबॉल क्लबाकडे सामन्याचे कागद चिकटवायला माणूस उरला नाही. तेव्हापासून डॅन्यूब नदीकाठच्या तोपोलीन गावात घरच्या मैदानावर सामना असला की गुरुवारी सकाळी वेल्कोच्या अंगणात खळ शिजायची, आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या बाराही फलकांवर कागद लागलेला असायचा.

आज गुरुवारच होता. शनिवारी पाच वाजता याझोवोचा संघ येणार होता.

वेल्को डाव फिरवत होता आणि तोंडानं पुटपुटत होता. चारच शब्द होते. "दाजी, मला बघवत न्हवतं." कधी तो 'दाजी' शेवटी घालायचा, कधी आधी. कसंही घातलं तरी ते वाक्य त्याच्याच कानाला परक्या माणसाचं वाटायचं.

कुंपणापलीकडे शेजारीण त्स्वेता पत्र्यावर लाल मिरच्या भाजत बसली होती. सप्टेंबरात सगळ्या गावालाच भाजल्या मिरचीचा वास येतो, डोळे चुरचुरतात आणि कुणी रडलं तरी ते उठून दिसत नाही.

"काय रं वेल्को, खळ शिजवतोस का लग्नाचं जेवण? केव्हाचा ढवळतोयस."

"नीट शिजाया पायजे."

"आन् बोलतोयस कुणाशी?"

"खळीशी."

"उत्तर देती व्हय?"

"तुझ्यापरीस कमी बोलती."

त्स्वेता हसली. चिमट्यानं एक मिरची उलटवून तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "येईल रं. वरीस झालं आता. माणूस किती दिस गाल फुगवून बसंल?"

वेल्कोनं डाव काठावर झटकला. "कोण येईल? मी कुठं कुणाची वाट बघतोय?" असं म्हणून तो बादली घेऊन आत गेला.

वाट तो बघत होता. वर्षभर त्यानं दुसरं काही केलं नव्हतं.

एकसष्ट वर्षांचा हा माणूस, एकटा. लग्न जमता जमता दोनदा राहिलं आणि तिसऱ्यांदा त्यानं जमवूच दिलं नाही. आई-बाप कधीच गेलेले. घरात एक खाट, एक रेडिओ, आणि भिंतीवर आमच्या रिबार संघाचे निळे-पांढरे फोटो. त्याला म्हणून असं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे त्याची अक्का. मिंका. पाच वर्षांनी मोठी. आणि अक्कामुळे दुसरं माणूस मिळालं, तिचा नवरा नायदेन. तो याझोवोचा.

आता याझोवो म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला, बसनं तासाभरावरचं गाव. त्यांचा संघ झेत्वार, पिवळ्या सदऱ्यांचा. आमचं आणि त्यांचं काय वाकडं होतं ते आता सांगता येत नाही, पण होतं. तोपोलीनचा पोर याझोवोच्या पोरीला घेऊन नाचला तर चालायचं, याझोवोच्या गोलाला टाळी वाजवली तर चालायचं नाही.

नायदेन त्यांच्या संघात डाव्या बाजूला मागं खेळायचा. मान अशी जाड, पाय असे वाकडे, आणि धावायला लागला की थांबणं त्याच्याही हातात नसायचं. आमचं मैदान डॅन्यूबच्या अगदी काठाला आहे. जोरात मारलेला चेंडू नदीत जातो, म्हणून सामन्याच्या दिवशी एक होडीवाला जाळं घेऊन पाण्यात उभा असतो. त्या दिवशी, म्हणजे वेल्को सतरा वर्षांचा होता तेव्हा, चेंडू नदीकडे न जाता या बाजूला आला. नायदेन त्याच्यामागे सुटला. चेंडू कठड्याला लागून थांबला. नायदेन थांबला नाही. कठड्यावरून उलटा होऊन तो पलीकडे थेट मिंकाच्या टोपलीत बसला. मिंका तेव्हा सामन्याला सूर्यफुलाच्या भाजलेल्या, मीठ लावलेल्या बिया विकायची, वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून. सत्तर पुड्या त्या टोपलीत होत्या.

"ऊठ!" ती ओरडली.

"पाय अडकलाय," नायदेन म्हणाला.

"पाय अडकलाय का बियाच खातोयस?"

कारण पडल्या पडल्या त्याच्या तोंडात काहीतरी गेलं होतं आणि तो ते चावत होता. मिंकानं रिकामी टोपली उचलून त्याच्या डोक्यात घातली. सगळं मैदान हसलं, पंचसुद्धा. सामना आम्ही दोन-शून्य जिंकलो, पण ते आता कुणाच्या लक्षात नाही. पुढच्या वसंतात नायदेन बियांचे पैसे द्यायला म्हणून आला, आणि त्याच्या पुढच्या वसंतात मिंका याझोवोला नांदायला गेली.

तेव्हापासून वर्षातून दोन सामने, एक इकडे, एक तिकडे. खेळ सुटल्यावर नायदेनही प्रेक्षकांत आला. तोपोलीनला सामना असला की तिघांची जागा ठरलेली: मध्यरेषेसमोर, दिव्याच्या खांबापासून तिसऱ्या गजापाशी. डावीकडे वेल्को, उजवीकडे नायदेन, मध्ये अक्का. कठड्याच्या लोखंडी नळीवरचा रंग तिथं तीन ठिकाणी हातांनी घासून उडालेला आहे, आजही दिसतो. अक्का दोघांनाही मध्ये बोलू द्यायची नाही. जो संघ चेंडू घेऊन पळेल त्याला ती शिव्या घालायची.

"तू हायेस तरी कुणाच्या बाजूची?" नायदेन चिडायचा.

"मी पंचाच्या विरुद्ध हाय," ती म्हणायची आणि बियांची सालं दोघांच्या बुटांवर सारखीच थुंकायची.

एका वर्षी दोघा मेव्हण्यांनी पैज लावली, हरेल त्यानं दुसऱ्याच्या संघाचा सदरा घालून रविवारच्या बाजारात फिरायचं. झेत्वार हरला. नायदेन निळा-पांढरा सदरा घालून, टरबुजांची गाडी घेऊन याझोवोच्या बाजारात उभा राहिला. दुपारपर्यंत एक टरबूज खपलं नाही. अक्का तिन्हीसांजेपर्यंत हसत होती, म्हणे, आणि मग त्यातली दोन टरबुजं तिनंच विकत घेतली. दुसऱ्या वर्षी वेल्कोची पाळी आली. तो पिवळा सदरा घालून कारखान्यात गेला तर फोरमननं त्याला दारातच विचारलं, "आजारी हायेस का रं?"

आणि तो पुराचा सामना! अर्धं मैदान पाण्याखाली, पंच म्हणे खेळायचंच, आणि आमचा गोलकीपर गुडघाभर पाण्यात. चेंडू तरंगत तरंगत आत गेला. झेत्वारचा एकही माणूस जवळपास नव्हता. नायदेन म्हणाला, गोल. वेल्को म्हणाला, नदीनं मारला. त्यावर ते दोघं सहा महिने भांडले, पण भांडताना रोज फोन करायचे. नायदेनचा आवाज यायचा, "काय मेव्हण्या, कळलं का कुणी मारला?" आणि मागून अक्काचा, "म्याच मारला म्हणावं, ठेवा आता फोन!"

अक्का गेल्या सप्टेंबरात गेली. द्राक्षांचे वेल बांधता बांधता बसली, आणि बसलेलीच राहिली.

आमच्याकडे माणूस गेलं की दुखवट्याचा कागद छापतात. वर फोटो, खाली चार ओळी, त्याखाली घरच्यांची नावं. तो घराच्या दारावर लागतो, खांबांवर लागतो, आणि माणूस ज्या ज्या गावचं होतं त्या त्या गावच्या फलकांवर लागतो. चाळीस दिवसांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, वर्षानं चौथा. आणि ज्याच्या हातात कुंचा आहे त्याला एक गोष्ट शाळेत न जाताही ठाऊक असते: दुखवट्याच्या कागदावर दुसरा कागद लावायचा नाही. मैफलीचा नाही, निवडणुकीचा नाही, सर्कशीचा नाही. पाऊस पाडील तेव्हा तो पडेल. वेल्कोनं आजवर कितीतरी पोरांना याच्यावरून दरडावलं होतं.

आणि गेल्या ऑक्टोबरात, याझोवोच्या सामन्याच्या दोन दिवस आधी, मैदानाच्या फाटकाजवळच्या फलकावर त्यानंच सामन्याचा कागद लावला होता, तो अक्काच्या चाळिसाव्याच्या कागदावर. बरोब्बर फोटोवर. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

नायदेननं तो कागद त्याच्याच आदल्या दिवशी येऊन टेपनं लावला होता. अक्का त्याच फाटकाशी टोपली घेऊन बसायची, म्हणून तिथं. शनिवारी तो सामन्याला आला, फलकापाशी थांबला, आणि बघतो तर बायकोच्या जागी 'रिबार विरुद्ध झेत्वार, तीन वाजता'. त्यानं नखानं कोपरा उचकटला. खळ चांगली शिजलेली होती. वरचा कागद निघाला तो खालच्याचा अर्धा चेहरा घेऊनच.

"ह्यो कुणाचा हात हाय?" त्यानं विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं कुणाचा.

वेल्को पुढे झाला. "वाऱ्यानं फाटला व्हता, दाजी. मला वाटलं जुनाच कागद हाय कुठला तरी."

"वाऱ्यानं?"

"व्हय."

"मग वरचा कागदबी वाऱ्यानंच लावला आसंल. वाऱ्याच्या हातात कुंचा व्हता व्हय रं?"

नायदेननं तो अर्धा फाटलेला कागद घडी करून खिशात घातला आणि तो बसमध्ये जाऊन बसला. सामना सुरू झाला, संपला, तो खिडकीत तसाच. त्यानंतर फोन नाही. सहा महिन्यांचा कागद तोपोलीनला आलाच नाही. एप्रिलात याझोवोला सामना होता, वेल्को गेला. नायदेन पार पलीकडे, गोलच्या मागं, पाठ करून उभा होता. नव्वद मिनिटं वेल्कोनं सामना बघितला नाही, ती पाठ बघितली. गोल कुणी मारला हे त्याला परतताना बसमध्ये कळलं.

खरं काय होतं ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. अक्का गेल्यापासून गावातल्या प्रत्येक खांबावरून ती बघत होती. भाकरी आणायला जावं तर ती, दवाखान्यात जावं तर ती. पहिल्या दिवशी त्यानं एकच कागद लांबून बघितला, नुसते तिचे डोळे दिसले, आणि तो रस्त्यातूनच माघारी फिरला. मग तो मान खाली घालून चालायला लागला. चाळीस दिवस त्यानं गावातला एक खांब डोळ्यांनी बघितला नाही. सामन्याचे कागद आले तेव्हा त्यानं तेही तसेच लावले, तोंड रस्त्याकडे करून, हाताच्या सवयीनं. फलक त्याला पाठ होते. कुंचा मारायचा, कागद ठेवायचा, तळवा फिरवायचा. फाटकाशी हाताला खाली कागद लागला. त्यानं बघितलं नाही. आणि नंतर वाऱ्यावर ढकललं.

तर यंदाच्या गुरुवारी त्यानं अकरा फलकांवर डोळे उघडे ठेवून कागद लावले. बाराव्यावर, फाटकापाशी, त्यानं सामन्याचा कागद पार कडेला, वरच्या कोपऱ्यात लावला आणि मधली सगळी जागा ओली करून, जुने चिकटलेले तुकडे सुरीनं खरवडून मोकळी ठेवली.

पावाची गाडी चालवणारा किरो तिथून चालला होता. अंगानं दांडगा, बोलायला मोकळा. त्यानं गाडी थांबवून डोकं बाहेर काढलं. "का रं, कागद कमी पडलं का? मधी एवढं मैदान ठेवलंयस, त्यात दुसरा सामना खेळायचा हाय का?"

"राहू दे तसंच."

"काल याझोवोत पाव टाकाया गेलतो. तुझा दाजी दिसला छापखान्यापाशी. काखेत गुंडाळी व्हती." किरोनं नजर फलकाकडे वळवली. "वर्षाचं कागद आसतील."

"बोलला काय?"

"बोलला की. म्हणला, पाव शिळा हाय."

"माझं काय इचारलं?"

किरोनं गियर टाकला. "न्हाई रं," तो म्हणाला, आणि गाडी गेली.

शुक्रवारी वेल्कोनं मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. मध्यरेषा मारताना कठड्याजवळ आला तेव्हा त्यानं तिसऱ्या गजापाशी थांबून नळीवरची धूळ बाहीनं पुसली. तिन्ही जागांची. रात्री फोन हातात घेऊन नायदेनचा आकडा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. सगळं याझोवो झोपलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आठ वाजले होते.

शनिवारी तो तीनलाच मैदानावर जाऊन बसला. सव्वाचारला याझोवोची बस आली. आधी खेळाडू उतरले, मग ढोलवाला, मग पिवळे गळपट्टे घातलेले कोणकोण. वेल्को फाटकाआडून मोजत होता. चौदा माणसं. शेवटी एक म्हातारी उतरली, तिनं मागं वळून हात पुढे केला म्हणून तो दोन पावलं पुढे झाला. तर ड्रायव्हरनं तिची पिशवी दिली आणि दार लावून घेतलं.

"झालं?" वेल्कोनं ड्रायव्हरला विचारलं.

"झालं की. आणखी कोण पायजे व्हतं?"

"कुणी न्हाई."

तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला. डावीकडे. उजवीकडच्या दोन जागा रिकाम्या ठेवून एकट्यानं उभं राहणं हे बघणाऱ्याला विचित्र दिसतं, म्हणून त्यानं मधल्या जागेवर आपली टोपी ठेवली. मग ती उचलली. टोपी ठेवल्यानं जास्तच दिसत होतं.

सामना सुरू झाला. रिबारची पोरं चांगली खेळत होती, असं आसपासचे म्हणत होते. विसाव्या मिनिटाला आमचा गोल झाला, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. वेल्कोच्या खांद्यावर मागून कुणीतरी थाप मारली. तो वळेपर्यंत थाप मारणारा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात होता. त्याला सवयीनं तोंड उजवीकडे करून म्हणावंसं वाटलं, "काय दाजी, ह्योबी नदीनं मारला का?" उजवीकडे नळी होती.

चेंडू दोनदा नदीत गेला. होडीवाल्यानं दोन्हीदा जाळ्यात धरला आणि टाळ्या घेतल्या.

मध्यंतर झालं तसा किरो पायऱ्यांवरून खाली आला, दोन्ही हातांत बियांच्या पुड्या. "वेल्को, आरं तुझ्या फलकाची कुणीतरी वाट लावतंय. टेप घेऊन नाचतंय तिथं."

वेल्को धावला नाही. धावलो तर तो नसेल, असं काहीसं त्याला वाटलं. चालत गेला.

नायदेन फलकाशी उभा होता. बाजूला त्याची जुनी गाडी, धुळीनं भरलेली. वर्षात तो वाळला होता, मान राहिली नव्हती. एका हातानं कागद भिंतीला दाबून धरलेला, दुसऱ्या हातात टेप. आणि त्या टेपचं एक टोक त्याच्या मिशीला, एक बाहीला, एक बुटाला. नदीवरून वारा येत होता. कागदाचा वरचा कोपरा लावला की खालचा सुटत होता.

"दाजी," वेल्को म्हणाला.

नायदेननं वळून बघितलं नाही. "मोकळी जागा दिसली म्हणून लावतोय. कुणाची आसंल तर सांग."

"तुमच्यासाठीच ठेवलीया."

"मग चिकटंना का?"

"भिंतीला ओल हाय, नदीची. टेप टिकत न्हाई हितं. वाऱ्यानं..."

नायदेन वळला. "परत वारा?"

बोलून गेल्यावर वेल्कोला कळलं काय बोललो ते. त्यानं टोपी काढली, परत घातली. मैदानात ढोल वाजत होता. दोन दिवस, नव्हे वर्षभर पाठ केलेलं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक.

"न्हाई," तो म्हणाला. "वाऱ्यानं न्हवता फाटला. धड व्हता कागद. म्या... मी बघितलाच न्हाई. तोंड रस्त्याकडं करून लावत व्हतो. कुठल्याच खांबाकडं बघितलं न्हाई चाळीस दिस. दाजी, मला बघवत न्हवतं तिला."

नायदेननं मिशीची टेप ओढून काढली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं असेल, नाहीतर आणखी कशानं.

"एवढंच व्हतं?"

"एवढंच."

"एवढं सांगाया वरीस लावलंस. गाढव हायेस मेव्हण्या." त्यानं भिंतीवरचा कागद सोडवला आणि दोन्ही हातांनी वेल्कोच्या समोर धरला. "मग आता बघ."

वेल्कोनं बघितलं. आधी चार ओळी, मग नावं, मग त्याला वर बघावंच लागलं. अक्का डोळे बारीक करून हसत होती, उन्हाकडे तोंड केल्यावर हसायची तशी. गालात बिया असाव्यात, एक गाल फुगलेला होता. आणि फोटोच्या डाव्या कडेला, तिच्या खांद्याला टेकून, निळ्या-पांढऱ्या सदऱ्याची बाही होती. कोपरापर्यंत. उजव्या कडेला अर्धा कान.

"ही बाही..."

"तुझीच. ह्यो कान माझा. कठड्यापाशी काढलेला फोटू हाय, आपण तिघं. छापखानेवाला म्हणला कडा कापून नीट करतो. म्या म्हणलं, ऱ्हाऊ द्या. आधीच्याबी कागदावर ह्योच व्हता, समद्या गावानं बघितला. तू सोडून."

वेल्को फाटकाजवळच्या खोपटात गेला, बादली आणि कुंचा घेऊन आला. गुरुवारची खळ घट्ट झाली होती, त्यानं नळाखाली धरून ती सैल केली. भिंतीवर कुंचा मारला. नायदेननं कागदाची वरची दोन टोकं धरली, वेल्कोनं मधून खाली तळवा फिरवला, कपाळावरून, फुगलेल्या गालावरून, बाहीवरून. डोळे त्यानं हलवले नाहीत. एक बुडबुडा हनुवटीखाली राहिला होता, तो त्यानं अंगठ्यानं कडेला ढकलून काढला.

नायदेननं गाडीतून डबा आणला. वर्षाला वाटतात ते साखर घातलेले उकडलेले गहू, वर अक्रोडाचा चुरा. वेल्कोनं दोन चमचे खाल्ले. "देव क्षमा करो तिला," तो म्हणाला, आमच्याकडे म्हणायचं असतं तसं.

"तिला काय करायची क्षमा," नायदेन म्हणाला. "पंचाला शिव्या घातल्या तेवढंच पाप. चल, शिट्टी झाली."

मध्यंतरानंतर दोघं कठड्यापाशी उभे राहिले. वेल्को डावीकडे, नायदेन उजवीकडे. मधली जागा होती तशी. सत्तराव्या मिनिटाला झेत्वारला कोपऱ्यातून चेंडू मिळाला, सगळे पुढे सरकले, आणि किरो आपला दांडगा देह घेऊन त्या दोघांच्या मध्ये शिरायला लागला.

दोन हात एकदमच आडवे झाले.

"हितं माणूस हाय," वेल्को म्हणाला.

"दिसत न्हाई व्हय रं?" नायदेन म्हणाला.

किरोनं दोघांकडे बघितलं, मग मधल्या घासलेल्या नळीकडे. "चुकलो," म्हणाला, आणि मागच्या मागं सरकला.

त्या कोपऱ्यावरूनच झेत्वारनं गोल केला. एक-एक. नायदेन ओरडला नाही, नुसता नळीवर दोनदा तळवा आपटला. सामना तसाच सुटला.

फाटकाशी गाडीत बसताना त्यानं मागच्या सीटवरची गुंडाळी वेल्कोच्या काखेत दिली. "अकरा हायेत. मला लावता येत न्हाई, बघितलंस. एप्रिलात याशील का तिकडं?"

"येतो."

"खळ घेऊन ये. याझोवोतबी टेपच मारलीया म्या समदीकडं." गाडी सुरू झाली, दोनदा बंद पडली, मग गेली.

लोक पांगले. वेल्को बादली घेऊन निघाला. दवाखान्यासमोर एक, भाकरीच्या दुकानाशी एक, बंद कारखान्याच्या भिंतीवर एक. प्रत्येक ठिकाणी कुंचा मारायचा, कागद ठेवायचा, आणि तोंड भिंतीकडेच ठेवायचं. लोकांच्या अंगणांतून मिरच्यांचा धूर येत होता, आत ताटं वाजत होती, कुणीतरी सामन्यावरून कुणाला तरी ओरडत होतं. अकरावा कागद त्याच्याजवळ उरला तेव्हा तो आपल्या घरापाशी आला होता. पहिल्या वर्षी त्यानं या दारावर कागद लागूच दिला नव्हता.

बादलीच्या तळाशी खळ होती थोडी. त्यानं ती बोटांनी निपटून दारावर फासली आणि कागद लावला, कडीच्या शेजारी, म्हणजे आत-बाहेर करताना दिसेल असा. बोटं पँटला पुसली. खिशात किरोनं कोंबलेली बियांची पुडी होती, ती उघडून तो पायरीवर बसला. एक बी दाताखाली फोडली. सालं कुठं थुंकावीत म्हणून क्षणभर उजवीकडे बघितलं, आणि मग आपल्याच बुटांवर थुंकली.